चिमटीनं वही विचारली नाही, तो दिवस

आमच्या कारखान्यातला संगणक एवढा थोरला होता की त्याच्यामागे वायर शोधायला गेलेला माणूस तीन दिवसांनी बाहेर यायचा, आणि तोवर त्याची दाढी छातीपर्यंत आलेली असायची. एकाला तर बायकोनं दारात ओळखलंच नाही, पाणी देऊन परत पाठवला. हे मी आमच्या रंगमास्तरांना सांगितलं होतं. त्यांना ते इतकं पटलं की पुढे वर्षभर संगणकाच्या खोलीत येताना ते जेवणाचा डबा बरोबर आणायचे.

थापा मारणं हा माझा स्वभाव आणि संगणक सांभाळणं ही नोकरी. कारखाना कापड रंगवायचा. खाली टाक्या, वाफ, ओल्या कापडाचे गठ्ठे. वर जिन्याला लागून शेड-लॅब, म्हणजे कुठल्या रंगात काय किती घालायचं ते ठरवायची खोली. तिच्या पलीकडे काचेच्या दारामागे मी आणि माझं यंत्र. त्या लॅबमध्ये माझी धाकटी जाऊ होती. हो, सख्खी जाऊ. घरी एका ओट्यावर दोघी आणि कामावर एका भिंतीआड दोघी. लोक विचारायचे, भांडण कधी करता? मी म्हणायची, जिन्यात.

तिला सगळे चिमटी म्हणायचे. नाव मीच पाडलेलं. रंगाची पूड ती चिमटीत धरायची आणि सांगायची, "सव्वा ग्रॅम." काट्यावर टाकली की सव्वा ग्रॅमच. एकदा मी म्हटलं, "चिमटे, माझं वजन सांग." तिनं माझा दंड चिमटीत धरला आणि म्हणाली, "ताई, काटा मोडेल." अशी होती.

आता यंत्राचं सांगते, कारण सगळं त्यातच अडकलंय. रोज सकाळी आपलं नाव आणि परवलीचा शब्द टाकून आत शिरलं, की यंत्र कामाला लागण्याआधी काही कागद वाचतं. आधी सगळ्यांसाठीची एक फाइल. ती मी लिहिलेली. छपाई कुठे करायची, कुठला प्रोग्रॅम कुठे ठेवलाय, आणि रंगाची वही, म्हणजे कुठल्या शेडला किती रंग त्याची यादी, कुठली, असं सगळं त्यात. मग ते तुमच्या स्वतःच्या फोल्डरात डोकावतं. तिथे तुमची खासगी फाइल असली तर तीही वाचतं, आणि तुमचं खासगी सांगणं माझ्या सार्वजनिक सांगण्याला मोडीत काढतं. सुनेनं सासूचं ऐकून घ्यावं आणि मग आपल्या मनासारखं करावं, तसं.

या खासगी फायलींच्या नावाआधी एक टिंब असतं. टिंब असलं की साध्या यादीत ती फाइल दिसत नाही. मुद्दाम "लपलेलंही दाखव" म्हणावं लागतं.

त्या साली कारखान्यानं रंग पुरवणारा बदलला. नवे रंग दुप्पट कडक होते. म्हणजे जिथे आधी दोन चमचे लागायचे तिथे एकच. म्हणून चिमटीनं नवी वही करायला घेतली. तीच शेड, पण आकडे निम्मे. सहा महिने ती नवे नमुने काढत होती. बाकीचे खातेवाले अजून उरलेल्या जुन्या रंगांवर होते, म्हणून माझ्या सगळ्यांसाठीच्या फायलीत 'वही' म्हटलं की जुनी वही उघडायची. चिमटीच्या एकटीच्या खासगी फायलीत एक ओळ होती, की माझ्यासाठी 'वही' म्हणजे नवी. ती ओळ मीच तिला शिकवली. त्या ओळीला 'एक्स्पोर्ट' जोडायलाही शिकवलं, नाहीतर ते सांगणं हाताखालच्या प्रोग्रॅमांपर्यंत पोचत नाही.

ती शिकली, पण विश्वास ठेवला नाही. रोज सकाळी आत शिरली की आधी यंत्रालाच विचारायची, 'वही' कुठली? यंत्र उत्तर द्यायचं, नवी. मगच ती चष्मा चढवायची.

"अगं, काल नवी होती, आज बदलेल का?" मी म्हणायची.

"विचारायला काय जातंय, ताई?"

"यंत्राला कंटाळा येतो. परवा मला म्हणत होतं, तुमच्या जावेला सांगा, मी नवरा नाही, रोज रोज विचारायला."

ती हसायची आणि तरीही विचारायची. एक गोष्ट मात्र ती मला चार महिने सांगत होती. रंगाच्या चिठ्ठीवर, म्हणजे यंत्र जे आकडे छापून खाली टाक्यांवर पाठवायचं त्यावर, हे कुठल्या वहीतून आलं ते वर छापा. एका ओळीचं काम. मी म्हणत होते, उद्या करते.

तर त्या वर्षी लॅबप्रमुख निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागी चिमटी येणार हे सगळ्यांना कळलं होतं. मोठ्या साहेबांनी तिला सांगितलंही होतं की नव्या रंगातली पहिली मोठी खेप बिनबोभाट निघू दे, मग कागद काढतो. त्या जागेबरोबर कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्या मिळायच्या. आमच्या घरी तेव्हा दोन खोल्यांत आम्ही आठ माणसं. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, एक भोक होतं, त्यातून धूर जायचा आणि मांजर यायचं. वसाहतीतल्या खोल्यांना ओट्यासमोर खिडकी होती. चिमटी एकदा जाऊन बाहेरून बघून आली. हातानं मापही घेऊन आली. नमुन्याच्या उरलेल्या तुकड्यांतून तिनं फिकट आकाशी पडदा शिवला आणि ट्रंकेत तळाशी ठेवला. मला दाखवला. आणखी कुणाला नाही.

मी म्हटलं, "छान आहे."

छानच होता. पण माझी नोकरी तिच्याआधीची, सहा वर्षं आधीची. पण प्रमुखाची जागा होती ती लॅबला, यंत्र सांभाळणाऱ्याला तशी जागाच नव्हती. ती खुर्चीत बसणार आणि मी काचेच्या दारामागून बघणार. आता जे सांगते ते खोडी म्हणून केलं असंच मी स्वतःला सांगत आले, आणि खोडी होतीच. पण दुधात मिठाचा खडा केवढा असावा लागतो?

खोड्या मी सगळ्यांच्या करायची. ज्याच्या त्याच्या खासगी फायलीत शेवटी एक ओळ घालायची, की तो आत शिरला की पडद्यावर काहीतरी उमटावं. रंगमास्तरांना यंत्र म्हणायचं, "डबा आणलात का?" भांडारवाल्याला म्हणायचं, "आज कुणावर ओरडायचं ठरलंय?" मोठे साहेब एकदाच बसले यंत्रापुढे, तर त्यांना म्हणालं, "उठा, ही जागा काम करणाऱ्यांची आहे." नशीब, त्यांना वाचायला चष्मा लागायचा आणि तो गाडीत राहिला होता.

चिमटीची मात्र करता येत नव्हती. ती दर आठवड्याला आपली फाइल ओळ न् ओळ वाचायची. "माझ्या फायलीला हात लावायचा नाही हं, ताई." मी शपथ घेतली होती.

मी शपथ पाळली. तिच्या फायलीला हात नाही लावला. तिच्या फोल्डरात शेजारी दुसरीच फाइल केली, टिंबाचीच, जरा वेगळ्या नावाची. तीही यंत्र आत शिरताना वाचतं, हे मला ठाऊक होतं. त्यात एकच ओळ लिहिली.

सकाळी ती आली. मी आधीच रंगमास्तरांना, भांडारवाल्याला आणि लॅबमधल्या दोघींना तिच्या खुर्चीमागे उभं करून ठेवलं होतं, काहीतरी निमित्त काढून. तिनं नाव टाकलं, परवलीचा शब्द टाकला. पडद्यावर ठळक आलं:

"या साहेबीणबाई! खुर्ची अजून गरम आहे, जपून बसा."

हशा झाला. रंगमास्तर तर टेबल बडवत होते. चिमटी कानापर्यंत लाल झाली. मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि हसली. ते हसू जरा वेगळं होतं. तिला कळलं होतं की त्या ओळीत गंमत किती आणि उरलेलं किती. चिमटीत धरून सांगणारी बाई ती. तेवढ्यात खालून हाक आली, टाकी तयार आहे, चिठ्ठी पाठवा, वाफ वाया चाललीय. तिनं घाईघाईनं शेड टाकली, कापडाचं वजन टाकलं, चिठ्ठी काढली आणि रंगमास्तरांच्या हातात दिली.

वही कुठली, ते त्या सकाळी तिनं विचारलं नाही. तेवढ्या एका सकाळी.

जेवणाच्या सुट्टीआधी कापड वर आलं. नव्या रंगातली पहिली मोठी खेप ती हीच, कुठल्याशा इस्पितळांच्या पडद्यांचं तीन हजार मीटर कापड, फिकट आकाशी हवं होतं. टाकीतून निघालं ते शाईची दौत उपडी केल्यासारखं. रंग चढवता येतो, उतरवायला गेलं तर कापडाचा जीव जातो. रंगमास्तर पायरीवर बसले होते, डबा न उघडता. चिमटी त्या ओल्या कापडापुढे उभी होती आणि चिमटीत कापड धरून पुन्हा पुन्हा सोडत होती.

"दुप्पट पडलाय," ती म्हणाली. "बरोब्बर दुप्पट. हे जुन्या वहीचे आकडे आहेत."

मी वर पळाले. जिना चढताना मला आठवलं. आठवलं म्हणजे काय, ठाऊकच होतं, यंत्राबरोबर आलेल्या जाड पुस्तकात वाचलेलं. आत शिरताना यंत्र खासगी फाइल शोधतं ती तीन नावांनी, आणि एका ठरलेल्या क्रमानं. पहिल्या नावाची सापडली की ती वाचतं, आणि पुढच्या नावांकडे ढुंकूनही बघत नाही. चिमटीची फाइल तिसऱ्या नावाची होती. मी केलेली पहिल्या नावाची. माझी टवाळी वाचून यंत्र खूश झालं, आणि तिची ओळ वाचायला गेलंच नाही. मग उरलं काय, तर माझं सगळ्यांसाठीचं सांगणं. 'वही' म्हणजे जुनी.

मी दार लावलं. तिच्या फोल्डरात गेले. "लपलेलंही दाखव" म्हटलं. दोन्ही फायली खालीवर दिसत होत्या. माझी पुसली.

का पुसली? आजवर शंभर कारणं रचली. त्यातलं एकही सांगत नाही, कारण सगळी थापा आहेत. भ्याले, आणि पुसली.

दुपारी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना लॅबमध्ये बोलावलं. त्यांनी आधी मला विचारलं, "बाई, यंत्रात काही दोष?"

"बघू या की," मी म्हटलं. "चिमटी, शिर बरं आत."

ती शिरली. आता काहीच उमटलं नाही, टवाळी नाही की काही नाही. तिनं विचारलं, वही कुठली. यंत्र म्हणालं, नवी.

"यंत्र बरोबर आहे," मी म्हटलं. बघा, एक अक्षर खोटं नाही.

रंगमास्तर म्हणाले, "सकाळी तर ते खुर्चीचं काहीतरी—"

"ती गंमत हो, मास्तर. मी काढून टाकली. साहेबांसमोर बरं दिसत नाही." हेही खरंच.

साहेब चिमटीकडे वळले. "तुम्ही रोज तपासता ना म्हणे?"

कुणीही म्हटलं असतं, हो, तपासलं होतं. कुणाला कळणार होतं? चिमटी म्हणाली, "रोज तपासते. आज नाही तपासलं. चूक माझी."

रंगमास्तर माझ्याकडे बघत होते, काहीतरी मोठं बोलेन या आशेनं. एरवी मी शंभर जणांचं तोंड बंद करणारी. त्या दिवशी माझीच दातखीळ बसली.

तिला घडीखात्यात पाठवलं. तिथे कापडाच्या घड्या घालायच्या आणि शिक्के मारायचे. रंगाशी संबंध नाही. लॅबप्रमुखाची जागा तीन महिने रिकामी राहिली. मग साहेब म्हणाले, यंत्र आणि लॅब एकीनंच सांभाळलं तर अशी गल्लत होणार नाही. ती एक कोण, ते सांगायला नको.

पहिल्या दिवशी मी त्या खुर्चीत बसले आणि चिठ्ठीवर वहीचं नाव छापायची ती एक ओळ लिहिली. सात मिनिटं लागली.

वसाहतीतल्या खोल्या आम्हाला मिळाल्या. सामान हलवायच्या दिवशी सगळे राबत होते. चिमटीनं माझी भांडी बांधून दिली, तिच्या सवयीनं एकात एक नेमकी. मग ट्रंक उघडली आणि तळातून पडदा काढला.

"हा घेऊन जा, ताई."

"अगं, तुझा आहे."

"खिडकी तुमच्याकडे गेली. इथे काय, भोकाला लावू? मांजर चिडेल."

विनोद केला होता तिनं. मी हसले. तो पडदा मी वीस वर्षं लावला. मापात अर्ध्या बोटाचाही फरक नव्हता.

मग ती बदलली. आधी घरच्यांच्या लक्षात आलं नाही. कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत यायची आणि ओढून बघायची. मीठ घातलं की विचारायची, घातलं का मी? मुलाच्या तापाचं औषध चमच्यात ओतायची आणि थांबायची, "तुम्ही बघा ना, बरोबर आहे का?" जिच्या बोटांत काटा होता, ती. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, आधी हसायचे, मग ओरडायचे, मग त्यांनीही सोडून दिलं. चिमटी हे नाव लोक विसरले. तिनं पुन्हा कधी काही चिमटीत धरून सांगितलं नाही.

आता आमचे हे नाहीत, भाऊजी नाहीत. मी निवृत्त झाल्यावर वसाहतीतली जागा गेली. माझे दोघे मुलगे लांब, आणि त्यांच्या घरात मला जागा आहे, पण बसायला नाही. चिमटीचा मुलगा न्यायला आला, म्हणाला, आईनं सांगितलंय, मोठीला घेऊन ये. तेव्हापासून तिच्या घरी राहते. नऊ वर्षं झाली. ओट्यासमोर खिडकी आहे. रात्री झोपण्याआधी, दुपारी आडवं होण्याआधी ती गॅसच्या खटक्यापाशी जाते, एकदा, दोनदा, तीनदा. आणि मला विचारते, "ताई, बंद केला ना मी?"

"केलास."

मग एकदा परत जाऊन बघते.

गेल्या महिन्यातली गोष्ट. तिची नात घरी बसून संगणकावर नोकरी करते. आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होतो आणि नात समोर बसून चिडचिड करत होती.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"मोठी आजी, तुला नाही कळणार. लॉगिन केलं की माझं सेटिंग घेतच नाहीये. फाइलमध्ये नीट लिहिलंय, एक्स्पोर्टही केलंय. कालपर्यंत चालत होतं!"

"काल काही नवीन टाकलंस का यंत्रात?"

"हो, एक प्रोग्रॅम टाकला. का?"

"लपलेल्या फायली बघ. त्यानं दुसरी टिंबवाली करून ठेवली असेल. ती आधी सापडली की तुझी वाचत नाही."

नातीनं खटखट केलं. मग माझ्याकडे बघत राहिली. "आई शपथ! आजी, तू कोण आहेस?"

मी फुशारले. म्हणजे बघा, त्या क्षणीसुद्धा फुशारले. म्हटलं, "मी तो संगणक सांभाळलाय ज्याच्यामागे गेलेला माणूस..." आणि थांबले. समोर मटार सोलायचा आवाज थांबला होता.

चिमटीच्या हातात उघडी शेंग होती. "म्हणजे दुसरी फाइल असली," ती हळू म्हणाली, "की आपली वाचतच नाही?"

"नाही वाचत, आज्जी," नात म्हणाली. "काही सांगतही नाही वर. गपचूप सोडून देतं." आणि तिला फोन आला, ती आत गेली.

टेबलाशी आम्ही दोघीच. चिमटी माझ्याकडे बघत नव्हती, शेंगेतले दाणे मोजल्यासारखी बघत होती. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी सांगितलं. सगळं. फाइल कशी केली, का केली, जिना चढताना काय आठवलं, दार लावून काय पुसलं, साहेबांसमोर काय बोलले. एका ओळीलाही मीठमसाला लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच इतकं कोरडं बोलले मी. आवाज ओळखू येईना.

ती ऐकत होती. तिनं शेंग संपवली, दुसरी घेतली, तीही संपवली. मग सालं गोळा केली.

"छान रंगवलीत गोष्ट," ती म्हणाली.

"चिमटे, गोष्ट नाही ही. खरं सांगतेय मी."

"तुम्ही नेहमी असंच म्हणता. तो दाढीवाला माणूसही खराच होता."

"अगं, तुझी चूक नव्हती! एवढंच सांगतेय. तू विचारलं नाहीस म्हणून नाही झालं ते—"

"विचारलं असतं तर कळलं असतं," ती म्हणाली. "मी विचारलं नाही. तीस वर्षं मला माहीत आहे काय झालं ते. आता तुम्ही दुसरं सांगणार, आणि मी ते कुठे ठेवू? नऊ वर्षं तुमच्यापुढे ताट वाढलंय मी. ते ताट कुणापुढे वाढलं म्हणू?"

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं.

"पुरे आता, जाऊबाई," ती म्हणाली.

लग्न होऊन आली तेव्हा पहिले आठ दिवस ती मला जाऊबाई म्हणायची. मग मी म्हटलं, ताई म्हण गं, आणि ती ताई म्हणायला लागली. चाळीस वर्षांपेक्षा जास्त झाली त्याला.

तिनं मटार झाकून ठेवले, हात धुतले, पदराला पुसले. दुपारी आडवं व्हायची तिची वेळ झाली होती. ती ओट्यासमोरून गेली. गॅसकडे तिनं बघितलं नाही. थांबली नाही, मला काही विचारलं नाही, सरळ आपल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी बसून राहिले. तिच्या पलंगाची करकर ऐकू आली, मग तीही थांबली. ती परत येईल म्हणून मी वाट पाहिली. आली नाही.

मग मी उठले, ओट्यापाशी गेले आणि खटका बघितला. बंद होता. खोलीच्या दारापर्यंत आले, आणि परत जाऊन बघितला.